मधल्या फाइलच्या बाई

मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याहून सौंसरला येणाऱ्या सकाळच्या बसमध्ये आमच्या बाई एका जागी बसून आल्या, असं कधी झालं नाही. थांबा आला की उठायच्या आणि दुसऱ्याच कोणाच्या शेजारी जाऊन बसायच्या. बस रिकामी असो की खच्चून भरलेली, बाईंची उठबस चालूच. कंडक्टर बिचारा तिकिटं फाडता फाडता त्यांना अडखळायचा आणि ओरडायचा, "अवो बाई, बसा ना एका जागी! काय खो-खो खेळून राहिल्या काय?"

"अरे, त्या मागच्या आजीसोबत माह्यं अजून बसनंच नाई झालं," बाई म्हणायच्या. "तसंच राहू देऊ काय?"

त्यांचं म्हणणं असं, की रोज एका बसने जाणाऱ्या प्रत्येकाने प्रत्येकाच्या शेजारी एकदा तरी बसलं पाहिजे. नाहीतर बस कशाला, आपापली बैलगाडी काय वाईट होती? लोक हसायचे. मीही हसायचो. पण त्याच बसमध्ये बांगड्यावाल्या चाचींनी तहसीलातल्या कारकुनाच्या मुलीचं स्थळ जमवलं, तिगावच्या एका उनाड पोराला पंपाच्या मोटारी दुरुस्त करायचं काम शिकवणारा उस्ताद तिथेच भेटला, आणि मग माझं हसणं हळूहळू बंद पडलं.

बाई आमच्या सौंसरच्या कॉलेजात गणित शिकवायच्या. मी मराठीचा तात्पुरता मास्तर. तात्पुरता म्हणजे काय, ते ज्याने भोगलं त्यालाच कळेल. जुलैत नेमणूक, उन्हाळ्यात सुट्टी. सुट्टी म्हणजे कायमचीच, पुढच्या जुलैत पुन्हा हुकूम आला तर आपलं नशीब. मधले महिने आईच्या हातचं खायचं आणि वडलांचं तोंड चुकवायचं. गणिताशी माझा छत्तीसचा आकडा. तरीही त्या कॉलेजात मी कोणापुढे मनातून हात जोडले असतील, तर ते ह्या बाईंपुढेच.

दिसायला काही खास नव्हत्या. ठेंगण्या, काळ्यासावळ्या, पांढऱ्या साडीला कुठे ना कुठे खडू लागलेला. जन्म मोहगावचा. आईबाप दोघं दुसऱ्याच्या वावरात राबलेले. शिकून पांढुर्ण्याला घर केलं, लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. भूगोलाच्या सरांशी त्यांचा अबोला होता. कशावरून, ते दोघंही विसरले असावेत. पण दर सणाला भूगोलाच्या सरांच्या टेबलावर बाईंकडून पुरणपोळीचा डबा जायचा. सर डबा संपवायचे, घासून परत पाठवायचे, आणि दोघं एकमेकांकडे बघायचे नाहीत.

मी एकदा न राहवून विचारलं, "बाई, बोलत नाही तर डबा कशाला?"

"अबोला वेगळा, डबा वेगळा," बाई म्हणाल्या. "एकापायी दुसऱ्याले काहून सोडाव?"

तर अशा ह्या बाई, आणि त्या वर्षी कॉलेजात कम्प्यूटर आला. संत्र्याच्या एका मोठ्या व्यापाऱ्याने भेट दिला. सगळ्या तहसिलीत पहिला! प्राचार्यांनी हार घातला, कुंकू लावलं, आणि नारळ त्या पेटीवरच फोडायला निघाले. बाईंनी वरच्या वर त्यांचा हात धरला. "सर, ये बाहर की सीढ़ी पे फोडो. इसका कपाल अभी कच्चा है."

त्या दिवसापासून खोलीचा ताबा बाईंकडे. दारात स्टुलावर बसायच्या आणि आत जाणाऱ्याचे हात हुंगायच्या. हो, हुंगायच्या! हंगामात आमच्याकडे लहानथोर सगळ्यांच्या हाताला संत्र्याचा वास, आणि संत्र्याचा रस बटणांत गेला की मशीन गेलं. वास आला की नळावर रवानगी. प्राचार्यांनाही दोनदा परत पाठवलं. एकदा गावचे पुढारी आले, तर बाई त्यांच्या हातावर नाक टेकवून म्हणाल्या, "धुऊन या बाप्पा," आणि पुढारी मुकाट्याने धुऊन आले.

शिकल्या कुठे? नागपूरला कोणत्या तरी क्लासात सुट्टीच्या दिवशी जायच्या. फी भरून बसलेल्या पोरांच्या खुर्चीमागे उभ्या राहायच्या. मास्तरने हटकलं तर म्हणायच्या, "मी बसली काय? उभीच हाय ना." एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं आणि डीबेस नावाचा, मशीनात याद्या ठेवायचा प्रकार पचवून टाकला. मग त्यांना सुचलं, की कॉलेजातल्या पोरापोरींनी कोणकोणत्या भाषा घेतल्या, ते सगळं ह्या मशीनात घालायचं.

मला त्यांनी ते चहाच्या टपरीवर समजावलं. "हे पाह्य मास्तर. पोरीच्या नावापुढं भाषा लिहिल्या, तर किती जागा सोडशीन? एखादी एक घेईन, एखादी चार घेईन. बरं, भाषेपुढं पोरं लिहितो म्हनशीन, तर हिंदीपुढं सारं गाव उभं राहीन. मंग करशीन काय?"

"मी कशाला काय करू?" मी म्हणालो.

"तीन फाइली. एकीत पोरंपोरी, एकीत भाषा. अन् मधी एक. त्या मधलीत ना पोरगी, ना भाषा. नुसती गाठ. 'ही पोरगी, ही भाषा,' बस. एक गाठ, एक ओळ. पोरीनं नवी भाषा घेतली तर नवी गाठ बांधाची, सोडली तर तेवढीच गाठ सोडाची. बाकीच्याले हात नाई लावाचा." चहा थंड झाला होता, तो त्यांनी एका घोटात संपवला. "साऱ्याचा जीव मधलीत असते."

मला अर्धं कळलं. पण सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला होता, की उरलेलं अर्धं मी तसंच मान्य करून टाकलं. पावसाळाभर बसून त्यांनी प्रोग्राम लिहिला. तो असा, की ऑफिसातल्या माणसाने फाइलींच्या भानगडीत पडूच नये. पोरीचं नाव लिहायचं, तिच्या भाषा लिहायच्या, बटण दाबायचं. मधल्या फाइलीत कोणती गाठ बांधायची नि कोणती सोडायची, ते प्रोग्राम आपलं आपण बघेल. असला प्रकार आपल्या सौंसरात बसून कोणी करू शकतं, ह्यावर माझा विश्वास बसेना. बाजूच्या खोलीत पंखा चालत नव्हता, आणि इथे ही बाई मशीनला माणसासारखं बोलायला शिकवत होती.

पोरं प्रवेशाच्या छापील अर्जावर हिंदी लिहून मोकळी व्हायची, कारण ती आधीच छापलेली असायची. मग बाईंच्या खोलीत येऊन तोंडी सांगायची, "मॅडम, मराठी बी पाह्यजे." बाई खूश होऊन गाठ बांधायच्या. म्हणजे खरी नोंद अर्जात नव्हतीच, होती ती मशीनात.

थंडीत एक पत्र आलं. कॉलेजात मराठीला पुरेशी मुलं आहेत की नाही, हे बघायला कमिटी येणार. ठरलेल्या संख्येहून एक जरी कमी भरला, तर मराठी बंद, आणि मराठीच्या मास्तरने आपली पिशवी उचलावी. मला चिंता नव्हती. माझा वर्ग भरलेला असायचा. प्राचार्यांनी तर अभिमानाने कळवलं, की आमची सगळी नोंद कम्प्यूटरवर आहे, तुम्ही फक्त कागद बघा.

नेमक्या त्याच आठवड्यात बाई छिंदवाड्याला पेपर तपासायला गेल्या, आणि वरून हुकूम आला की सगळ्यांना हिंदीचा नवा पेपर सक्तीचा. आमचे बडे बाबू, म्हणजे ऑफिसचे मुख्य कारकून, कामसू माणूस. स्वतःच मशीनपुढे बसले. एकेक नाव काढलं आणि प्रत्येकापुढे इमानदारीने लिहिलं: हिंदी. दिवसभर जेवले नाहीत. संध्याकाळी हात झटकून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य कागद घेऊन माझ्या वर्गाच्या दारात. चेहरा उतरलेला. "सर, मराठी में तो कोई है ही नहीं."

मी म्हणालो, "सर, ये बैठे हैं ना सामने!"

त्यांनी बाकांकडे पाहिलं. मग कागदाकडे पाहिलं. मग पुन्हा बाकांकडे. "लेकिन यहां तो शून्य है. कम्प्यूटर झूठ बोलेगा क्या?"

मागून एक पोरगा उठला. "सर, मंग आमी जाऊ काय घरी?"

वर्ग हसला. मला मात्र घाम फुटला. संस्कृतचा आकडाही शून्यच होता, पण संस्कृतचे सर पक्के नोकरदार. ते म्हणाले, "शून्याचा शोध आपलाच, बरं का," आणि तंबाखू मळत निघून गेले. शून्यावर कोट्या करायला पक्की नोकरी लागते. वडलांना काय सांगू, म्हणून मी दिवसभर ओसरीत येरझारा घालत होतो. भर वर्गाला शिकवणाऱ्या माणसाला कागद सांगतो की तुझ्यासमोर कोणी नाही, आणि लोक कागदाचं ऐकतात! डोकं फिरायची पाळी आली.

बाई परत आल्या. मशीनपुढे बसल्या, मधली फाइल उघडली आणि एकेक ओळ वाचत गेल्या. बडे बाबू दारात हात चोळत उभे. रडायच्या बेतात होते.

"बाबू, तुमची चूक नाई," बाई म्हणाल्या. "तुमी म्हटलं, हिंदी द्या. माह्या प्रोग्रामानं आयकलं, हिंदीच द्या अन् बाकीच्या साऱ्या सोडा. जी यादी देल्ली तेच पूर्ण यादी, असं त्याले मीच शिकवलं. 'दे' म्हटल्यावर 'काढ' कसं झालं? चूक माही होय."

इतकं सरळ, सगळ्यांसमोर. कॉलेजात स्वतःची चूक कबूल करणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि इथे तर दुसऱ्याच्या अंगावरची उचलून स्वतःच्या अंगावर घेतली होती.

मग त्यांनी मला बोलावलं. "घाबरू नोको. इथं खोडलेली ओळ लगेच मरत नाई. तिच्यावर नुसता एक तारा लागते. पाह्य." पडद्यावर ओळीच ओळी, प्रत्येकीच्या डोक्यावर एक तारा. बाईंनी एक हुकूम टाइप केला आणि सगळे तारे पुसले गेले. माझा वर्ग परत आला! संख्या ठरलेल्याहून वर. मी तर खुर्चीतून उडालोच. प्राचार्य म्हणाले, "शाबाश मॅडम, अब निकालो प्रिंट."

"नाही निकालती," बाई म्हणाल्या.

का? तर म्हणे, बाबूंनी बसायच्या आधीही काही गाठी सुटलेल्या होत्या. काही पोरं खरंच मराठी सोडून गेली होती. त्यांच्यावरही ताराच होता. "तारा कोनी लावला, काहून लावला, हे मशीन सांगत नाई. मले एकेकाले विचारा लागते."

"मॅडम, परसों कमेटी आ रही है. जितने हैं, रहने दो ना!"

मी तर अक्षरशः हात जोडले. "बाई, राहू द्या. कोण बघतं?"

"खोटी गाठ बी खऱ्यासारखीच दिसते मास्तर," त्या म्हणाल्या. "त्याचंच तर मले भेव वाटते."

मनातून मला त्यांचा असा राग आला म्हणून सांगू! नोकरी माझी जात होती आणि सोवळं ह्यांचं चाललं होतं. पण त्यांच्यापुढे तोंड उघडेना. वर्गातल्या सगळ्यांना त्यांनी उभं करून विचारलं, सगळे हो म्हणाले. उरले तिघं. तिगावचा पोरगा रेल्वेच्या गँगमध्ये लागला होता. लोधीखेड्याची पोरगी लग्न होऊन मुलताईला गेली होती. ह्या दोन्ही गाठी बाईंनी स्वतःच्या हाताने सोडल्या. तिसरी न धरता संख्या एकाने कमी पडत होती. आता सगळं तिसरीवर, मोहगावच्या निर्मलावर.

निर्मला कॉलेजात यायची, पण माझ्या वर्गात दसऱ्यापासून येत नव्हती. "तिने संस्कृत घेतली, बाई. ती बदलून गेली," मी म्हणालो.

"तिनं सांगतलं तुले?"

"नाही, पण..."

"मंग चाल."

त्या दिवशी ती कॉलेजात आली नव्हती, म्हणून आम्ही मोहगावला गेलो. बुद्धविहारामागे दोन खोल्यांचं घर. निर्मला अंगणात संत्र्याच्या पेट्यांसाठी गवत निवडत होती. आम्हाला बघून दचकून उभी राहिली. बाप नुकताच वावरातून आला होता. त्याने घाईघाईने खाट टाकली.

बाईंनी टेकायच्या आधीच विचारलं, "निर्मला, तू मराठी काहून सोडली वो?"

"मी नाई सोडली मॅडम."

"मंग वर्गात काहून नाई येत?"

ती आधी बापाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मी संस्कृत मांगाले आली होती तुमच्याजवळ. दुसऱ्या दिवशी यादी लागली. संस्कृतात नाव होतं, मराठीत नव्हतं. मले वाटलं, आपल्याले दोन्ही भेटत नसतीन."

"विचाराचं ना मले!"

बापच बोलला. "यादीत नाव नाई म्हनजे नाई, बाई. त्याच्यावर आमी काय बोलावं?"

बाई मटकन उंबऱ्यावर बसल्या. बडे बाबूंच्या कितीतरी आधी प्रोग्रामाने तीच चूक एकदा केली होती. संस्कृत दे म्हटलं, आणि त्याने मराठी काढून घेतली. कोणाला पत्ताही लागला नाही, कारण जिची काढली ती कोणाला काही बोललीच नाही. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही.

"माह्या हातानं," त्या म्हणाल्या. "अन् माह्याच गावच्या पोरीचं." मग त्यांनी निर्मलाचा हात धरला, गवत चिकटलेला. "आयक. माह्या यादीवर भरोसा नोको ठेवू. नाव नसलं तर भांडत जाय. माह्याशी बी भांड. समजलं?"

निर्मला खाली बघून उभी राहिली. बापाने चहा केला, तो घेऊन आम्ही निघालो.

रस्त्यात मी फुटलोच. "अहो बाई, परवा कमिटी आहे! तिला या म्हणून तरी सांगायचं!"

"गाठ मी बांधून देईन. हात धरून ओढून नाई आनत. येनं तिचं."

"आणि नाही आली तर?"

"तं मी तुह्यासोबत पिशवी उचलीन," बाई म्हणाल्या, आणि त्या गंमत करत नव्हत्या. मी त्यांच्याकडे बघितलं आणि माझा राग कुठल्या कुठे गेला.

दुसरी दुपार त्यांनी प्रोग्रामात घालवली. आता 'दे' म्हटलं की तो नुसता द्यायचा, जुन्याला हात लावायचा नाही. काढायचं तर वेगळा हुकूम, आणि काढण्याआधी पडद्यावर रोमन अक्षरांत प्रश्न यायचा, 'पूछा क्या?' हो म्हटल्याशिवाय गाठ सुटत नसे. बडे बाबूंना तो प्रश्न इतका आवडला, की ते म्हणाले, "बाई, असा प्रश्न आमच्या घरच्या कपाटाला पण लावून द्या."

कमिटीचे साहेब आले. नवा कागद हातात घेऊन माझ्या वर्गात मागच्या बाकावर बसले. म्हणाले, "हाजिरी लीजिए. हम नाम मिला लेंगे." बाई दारात उभ्या. शेजारच्या वर्गातली पोरंपोरीही मजा बघायला येऊन बसली होती, त्यामुळे कोण कुठे आहे ते मला दिसेना. सवयीने मी माझं जुनंच हजेरीपुस्तक उघडलं आणि नावं घेत गेलो. हजर, हजर, हजर. प्रत्येक नावाला साहेबांची पेन्सिल कागदावर टिचकी मारायची. शेवटचं नाव झालं. मी पुस्तक मिटलं.

"एक कम है," साहेब म्हणाले.

प्राचार्यांनी डोळे मिटले.

मुलींच्या बाजूला, भिंतीलगत कोणी तरी उभं राहिलं. निर्मला होती.

"सर," ती म्हणाली, "माह्यं नाव राह्यलं."

दसऱ्याला ती यायची थांबली, तेव्हा ह्या पुस्तकातून तिचं नाव मीच खोडलं होतं. मी काही बोलायच्या आत साहेबांनी कागद वर-खाली चाळला आणि भुवया उंचावल्या. "तुम तो संस्कृत में भी हो. मराठी की हो या संस्कृत की?"

"दोन्हीची," ती म्हणाली, आणि खाली बसली नाही. मी पुस्तक पुन्हा उघडून, पेन उचलून, तिचं नाव लिहून होईपर्यंत ती तशीच उभी राहिली.